भासमान उपकरणांचा स्मृति-नकाशा

सोयीसाठीं जन्माला आलेली एखादी युक्ति पुढें पहारेकऱ्याच्या कामीं यावी, असें शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच घडतें. संगणकांतील पत्त्यांच्या नकाशाचें तसें झालें आहे. प्रोग्राम ज्या पत्त्यावर आपली वस्तु आहे असें समजतो, त्या पत्त्यावर ती प्रत्यक्षांत नसतेच; ती भलत्याच ठिकाणीं असते, आणि या दोन ठिकाणांची जुळणी करणारी एक वही यंत्राजवळ असते. ही वही कोणाच्या हातीं असावी व तींतील कोणती नोंद कोणास दाखवावी, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. परंतु आज एकाच यंत्रांत परस्परांस सर्वस्वीं अपरिचित अशा अनेकांचे व्यवहार शेजारीं शेजारीं चालत असतात. पेढीचा हिशेब आणि रुग्णालयाचें दप्तर एकाच छपराखालीं नांदतें. त्यांचीं गुपितें परस्परांपासून सुरक्षित राहतात कीं नाहीं, हें या कारकुनी प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें.

कथेचा आरंभ इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं होतो. तेथील विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनीं मिळून बांधलेल्या ॲटलस नांवाच्या संगणकाचें उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजीं झालें. टॉम किलबर्न हे त्याचे प्रमुख शिल्पकार. त्या काळीं जलद स्मृति, म्हणजे आज जिला सर्रास मेमरी म्हणतात ती, फार महाग असे. ॲटलसच्या चुंबकीय कड्यांच्या जलद स्मृतींत १६,३८४ शब्द मावत. फिरत्या ड्रमांवर, जे स्वस्त पण मंद, ९८,३०४ शब्द मावत. ड्रमावरील मजकूर केव्हां आणावा आणि कोणता परत पाठवावा, ही चिंता तोंवर प्रोग्राम लिहिणारालाच वाहावी लागे. किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनीं स्मृतीचीं पांचशें बारा शब्दांचीं पानें पाडलीं. जलद स्मृतींत अशा बत्तीस पानांची जागा होती; प्रत्येक जागेंत सध्यां कोणतें पान बसलें आहे, याची नोंद यंत्रच ठेवी. मागितलेलें पान तेथें नसल्यास काम क्षणभर थांबे, पान ड्रमावरून येई आणि काम पुढें चाले. प्रोग्रामला या धांवपळीचा सुगावाही लागत नसे. आपल्यापुढें एक अखंड, विस्तीर्ण मैदान पसरलें आहे, अशी त्याची समजूत असे, आणि ती समजूत तशीच राहूं देणें यांतच या योजनेचें यश होतें.

येथवर नकाशा हा केवळ सोयीचा विषय होता. त्याला दुसरें रूप आलें तें अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गांवीं, आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत. १९६७ च्या जानेवारींत तेथें सीपी-४० नांवाची प्रणाली नित्याच्या वापरांत आली. सिस्टिम-३६० मालिकेंतील एका यंत्राला पत्ते बदलण्याची जोड देऊन त्यांनीं एका यंत्राचीं चौदापर्यंत भासमान यंत्रें केलीं. प्रत्येक वापरणाराला वाटे, हा सबंध संगणक आपल्या एकट्याचा आहे. त्याच्या वांट्याला स्मृति येई, तसा कार्डें वाचण्याचा एक भासमान वाचक आणि छापण्याचा एक भासमान छापखानाही येई. प्रत्यक्षांत छापखाना खोलींत एकच असे.

खरा पेंच पडला तो उपकरणांच्या बाबतींत. गणित करणारा भाग प्रत्येक पत्ता वहींत पाहून मगच हात घाली. परंतु उपकरणांचा माल नेण्याआणण्याचें काम चॅनल नांवाच्या निराळ्या भागाकडे असे, आणि या चॅनलला वही ठाऊकच नव्हती. त्याला फक्त खरे पत्ते कळत. एखाद्या भासमान यंत्रानें ‘हें कार्ड पांच हजाराव्या जागीं ठेवा’ अशी आज्ञा सोडली आणि चॅनलनें ती शब्दशः पाळली, तर तो मजकूर तिऱ्हाइताच्या घरांत जाऊन पडावयाचा. यावर केंब्रिजकरांनीं काढलेला तोडगा कष्टाचा, पण चोख होता. वापरणाराची आज्ञा उपकरणाकडे थेट जाऊं न देतां नियंत्रक प्रोग्राम तिची नक्कल करी, नकलेंतील प्रत्येक पत्ता बदलून खरा घाली, आणि माल पोंचेपर्यंत तीं पानें जागचीं हलूं नयेत म्हणून त्यांना कुलूप लावी. सीपी-६७ आणि १९७२ सालची व्हीएम-३७० या उत्तराधिकारी प्रणालींनींही हाच मार्ग चोखाळला. येथें उपकरण भासमान असलें तरी तें वठविणारा प्रोग्राम सर्वाधिकारी होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. वही त्याचीच, कुलपेंही त्याचींच. त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारणच नव्हतें.

हा एकछत्री अंमल मोडण्याचा पहिला धीट प्रयत्न पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत झाला. रिचर्ड रशीद व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ च्या सुमारास माक ही प्रणाली रचण्यास घेतली. प्रणालीचा गाभा, ज्याला या धंद्यांत कर्नेल म्हणतात, तो लहान ठेवावा आणि जमेल तें काम त्याच्याबाहेर साध्या प्रोग्रामांकडे सोंपवावें, हें तिचें सूत्र. पानें पुरविण्याचें कामसुद्धां अशा बाहेरच्या प्रोग्रामला देतां येईल, असें त्यांनीं करून दाखविलें. (या पुरवठादाराचें इंग्रजी नांव जसेंच्या तसें मराठींत आणूं गेल्यास ‘बाहेरचा पानवाला’ होतें आणि निराळाच दुकानदार डोळ्यांपुढें उभा राहतो.) परंतु त्याबरोबर एक नवें संकटही आलें. बाहेरच्या प्रोग्रामनें मागितलेलें पान दिलेंच नाहीं तर? मागणारा ताटकळत बसणार. गाभ्याला आपल्याहून कमी दर्जाच्या नोकरावर अवलंबून राहण्याची वेळ प्रथमच आली.

मध्यंतरीं फाइल ही स्मृतीचाच एक तुकडा म्हणून नकाशांत जोडण्याची युक्ति रूढ झाली. मल्टिक्स व टेनेक्स या प्रणालींत तिचें मूळ आहे. बर्कलेच्या युनिक्सच्या १९८३ सालच्या आवृत्तींत ‘एममॅप’ या नांवानें तिचें वर्णन छापलें गेलें. मात्र वर्णन छापलें तरी ती आज्ञा त्या आवृत्तींत चालत नव्हती. तिला खरें रूप १९८८ च्या सनओएस ४.० मध्यें मिळालें. या युक्तीचें महत्त्व असें कीं, दोन प्रोग्रामांनीं एकच फाइल आपापल्या नकाशांत जोडली कीं दोघांची स्मृति तेवढ्यापुरती सामाईक होते. आणि त्या फाइलीची खूण हातीं देणें म्हणजे त्या स्मृतीचा ताबा देणें होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस भासमान यंत्रें महागड्या संगणकांतून निघून घरगुती संगणकांत उतरलीं. फाब्रीस बेलार यांचा क्यूएमू हा प्रोग्राम २००३ साली प्रसिद्ध झाला. डिस्क, जाळ्याचें कार्ड, फार काय जुना फ्लॉपी-वाचकही, तो सोंग आणल्याप्रमाणें वठवी. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यांत केव्हीएम आलें आणि या भासमान यंत्रांना वेग आला. २००८ साली रस्टी रसेल यांच्या व्हर्टिओनें भासमान उपकरणांशीं बोलण्याची एक सामाईक रीत घालून दिली: माल कोठें ठेवला आहे त्याचे पत्ते एका रांगेंत मांडावेत, आणि उपकरणानें तेथून तो उचलावा.

सोंग किती महागांत पडूं शकतें, याचा धडा २०१५ च्या मे महिन्यांत मिळाला. क्यूएमूमधील फ्लॉपी-वाचकाच्या भागांत एक दोष उघडकीस आला. व्हेनम या नांवानें तो गाजला. आलेला मजकूर सांठविण्यासाठीं ५१२ बाइटांची जागा होती, आणि भासमान यंत्रांतील माणूस कांहीं आज्ञा देऊन त्या मर्यादेपलीकडे लिहूं शके. म्हणजे आपल्या कोठडीची भिंत फोडून उपकरण वठविणाऱ्या प्रोग्रामांत शिरण्याची वाट त्याला मोकळी होती. हा दोष २००४ पासून तेथें होता. फ्लॉपी तोंवर कोणी वापरीत नव्हतें; वाचक मात्र बहुतेक यंत्रांत हजर होता.

उपकरणें वठविणारे प्रोग्राम निरनिराळे करावेत आणि प्रत्येकास कमींत कमी मुलूख दिसावा, हा विचार यामुळें अधिकच पटला. त्या दिशेनें एक पाऊल आधींच, २०१४ साली, पडलें होतें. व्हहोस्ट-यूजर या पद्धतींत भासमान यंत्राची स्मृति सामाईक फाइलींत ठेवून त्या फाइलींच्या खुणा दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवितात आणि तो त्या आपल्या नकाशांत जोडून घेतो. काम झपाट्यानें होतें, पण घरांत बोलावलेल्या सुताराला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दिल्यासारखें तें आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्यें लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीबरोबर व्हीड्यूज नांवाची जी योजना आली, तिचें वैशिष्ट्य येथें दिसतें. बाइटडान्स या चिनी कंपनीच्या अभियंत्यांनीं ती पुढें आणली. तींत गाभ्याबाहेरचा साधा प्रोग्राम उपकरण बनतो आणि खुद्द गाभाच त्याचा गिऱ्हाईक होऊं शकतो. आतां गाभ्याची स्मृति अशा परक्यास दाखविणें म्हणजे अनर्थच. शिवाय नकाशाची सर्वांत लहान नोंद एका पानाची असते, आणि पान बहुधा ४,०९६ बाइटांचें. ५१२ बाइटांचा मजकूर द्यावयाचा म्हणून सबंध पान उघडें केलें, तर त्याच पानावरचें शेजारचें गुपितही उघडें पडतें. तेव्हां व्हीड्यूजनें जुन्या वाड्याच्या देवडीसारखी व्यवस्था केली. गाभा आपला मजकूर आंतून आणून देवडींतल्या खास पानांवर उतरवितो. परका प्रोग्राम फक्त तीं पानें जोडून घेऊं शकतो. परत द्यावयाचा मालही तो तेथेंच ठेवतो. वाड्याच्या आंत त्याचें पाऊल पडत नाहीं. यासाठीं प्रत्येक वेळीं मजकुराची नक्कल करावी लागते आणि वेळ खर्च होतो. गिऱ्हाईक भासमान यंत्र असेल तर मात्र नक्कल न करतां त्याच्या सामाईक स्मृतीची खूणच दिली जाते.

नोंदींचा क्रमही विचारपूर्वक ठरविलेला आहे. प्रोग्रामनें पत्त्यांचा एक पट्टा विचारावा. गाभा त्या पट्ट्याशीं जुळणाऱ्या पहिल्या नोंदीची खूण देतो आणि तेथें केवळ वाचावयाचें कीं लिहावयाचेंही, हें सांगतो. मागाहून नोंद बदलल्यास गाभा तसा निरोप धाडतो. प्रोग्रामनें जुना जोड काढून टाकून पोंच द्यावी लागते. ठराविक मुदतींत पोंच न आल्यास उपकरण मोडलें असें समजून गाभा पुढें चालूं लागतो. माकच्या वेळचा ताटकळण्याचा प्रश्न येथें घड्याळ लावून सोडविला आहे. २०२२ साली या देवडीचीं पानें प्रोग्रामनें स्वतःच्या स्मृतींतून पुरविण्याची सोयही झाली.

तरीही आरंभीं या योजनेखालीं फक्त डिस्क वठविण्याची परवानगी होती. कारण नकाशा कितीही काटेकोर असला तरी पलीकडून येणाऱ्या उत्तरावर गाभ्यांतील चालकानें आंधळा विश्वास ठेवून चालत नाहीं, आणि जाळ्याच्या कार्डाचा चालक तर आपल्या नियंत्रण-रांगेंतील उत्तराची वाट पाहत एकाच जागीं गरगर फिरत राही. परक्या प्रोग्रामनें नुसतें मौन धरलें असतें, तरी गाभा तेथें अडकून पडला असता. पुढें जाळ्याच्या कार्डांनाही प्रवेश मिळाला, पण ती रांग बाहेर ठेवूनच.