परदेशवास आणि कर्तृत्वाचे स्थित्यंतर : पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा मेक्सिकोतील कालखंड

१

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात तेल्हारा हे गाव वसलेले आहे. या शिवारात आज जी पऱ्हाटी उभी असते, तिचे मूळ कूळ वऱ्हाडचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात ज्या आखूड धाग्याच्या देशी कापसामुळे वऱ्हाडचे नाव मँचेस्टरपर्यंत पोहोचले, तो कापूस गॉसिपियम आर्बोरियम या जातीचा होता. आज बहुतेक सर्व क्षेत्र ज्या गॉसिपियम हिर्सुटम जातीने व्यापले आहे, तिची लागवड प्रथम मेक्सिकोच्या बाजूस झाली. मिरची आणि मका ही पिकेही त्याच भूभागातून जगभर गेली. ही पिके वऱ्हाडात इतकी रुजली आहेत, की ती परकी आहेत हे शेतकऱ्यास सांगूनही खरे वाटू नये.

पिकांच्या या प्रवासाच्या उलट दिशेने विदर्भातील एक मनुष्य मेक्सिकोत गेला, तेथील मक्याच्या शेतात त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घातली आणि वृद्धपणी तो नागपुरास परतला. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव मराठीत घेतले जाते ते मुख्यतः गदर पक्षाच्या संदर्भात. मेक्सिकोतील त्यांचा दीर्घ वास हा क्रांतिपर्वाचा परिशिष्टभाग समजण्याकडे कल असतो. वस्तुतः स्थलांतरित मनुष्याच्या व्यक्तिमत्त्वात नव्या देशामुळे कोणता पालट होतो आणि त्याची किंमत कोणती, या प्रश्नाच्या दृष्टीने तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्धा येथे झाला. प्रारंभीचे शिक्षण तेथे व पुढील शिक्षण नागपुरात झाले. टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव त्या काळच्या असंख्य विद्यार्थ्यांवर होता. खानखोजे त्यांपैकीच एक. स्वदेशी व बहिष्काराच्या आंदोलनाच्या काळात ते परदेशी निघाले आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. तेथे त्यांनी दोन विद्यांचा पाठपुरावा केला. एक शस्त्रांची, दुसरी शेतीची. कॅलिफोर्नियातील सैनिकी शाळेत त्यांनी शिक्षण घेतले, आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयातून १९१३ मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना प्रभृतींनी उभारलेल्या गदर संघटनेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर गदरच्या अनुयायांचे मार्ग निरनिराळे झाले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हिंदुस्थानात परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले. खानखोजे यांनी पश्चिमेकडून, इराणमार्गे बलुचिस्तानच्या सरहद्दीवर ब्रिटिशांना शह देण्याचा प्रयत्न केला. वेश पालटून, परक्या टोळ्यांमध्ये राहून चालविलेला तो लढा निष्फळ ठरला. पुढे बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को येथील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात ते वावरले. परंतु तेथील मतभेदांतून कार्याची निश्चित दिशा निघाली नाही. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. पदवी होती, तिचा उपयोग झालेला नव्हता. ध्येय होते, ते साधण्याचे साधन हातातून गेले होते. आणि मायदेशाचे दार बंद होते.

३

मेक्सिकोच का, याचे उत्तर दोन देशांच्या तत्कालीन धोरणांत सापडते. संयुक्त संस्थानांनी १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक प्रदेशांतील लोकांना प्रवेशबंदी केली होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार नाही असा निर्णय दिला. ज्या किनाऱ्यावर खानखोजे शिकले, तो किनारा त्यांना पुन्हा आसरा देणारा राहिला नव्हता.

मेक्सिकोची स्थिती याहून भिन्न होती. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीतून तेथे १९१७ ची राज्यघटना निर्माण झाली. तिच्या सत्ताविसाव्या कलमाने जमिनीवरील मूळ स्वामित्व राष्ट्राचे ठरविले आणि मोठ्या जमीनदारांची मालकी मोडून गावांना सामाईक जमिनी देण्याचा मार्ग मोकळा केला. अशा सामाईक जमिनीस तेथे ‘एखिदो’ म्हणतात. जमीन मिळालेल्या शेतकऱ्यास बियाणे व शेतीची विद्या देणे ही नव्या राजवटीची निकड होती. सॅन फ्रान्सिस्को येथे मेक्सिकोचे वाणिज्यदूत राहिलेले आणि पुढे त्या देशाचे शेतीमंत्री झालेले रामोन दे नेग्री यांच्यासारख्यांचे साह्य खानखोजे यांना लाभले. राजधानीपासून जवळच, तेस्कोकोच्या परिसरातील चापिंगो येथे राष्ट्रीय कृषिविद्यालय नुकतेच एका जुन्या जमीनदारी वाड्यात हलविण्यात आले होते. भूमीपासून लाभ घेण्याची विद्या शिकवावी, मनुष्याला नाडण्याची नव्हे, अशा आशयाचे त्या विद्यालयाचे ब्रीद होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले.

४

नव्या देशाने त्यांच्यापुढे ठेवलेली पहिली कसोटी भाषेची होती. चाळिशीत भाषा शिकणे आणि बालपणी शिकणे यांत मोठे अंतर आहे. मूल भाषेसह जग शिकते. प्रौढास जग ठाऊक असते, आणि त्याची सर्व नावे नव्याने घ्यावी लागतात. शिवाय भाषेत व्यवहार करणे आणि तिच्यात अध्यापन करणे या दोन पायऱ्या आहेत. बाजारात चुकीचे क्रियापद चालून जाते. वर्गात चालत नाही, कारण तेथे बोलणाऱ्याचा अधिकारच त्याच्या वाक्यावर उभा असतो. शस्त्रधारी क्रांतिकारकाचा अधिकार धैर्यातून येतो. अध्यापकाचा अधिकार शब्दांतून येतो. या दृष्टीने खानखोजे यांनी स्पॅनिश भाषेत शिकविणे आणि आपल्या संशोधनाचे निष्कर्ष त्या भाषेत मांडणे ही त्यांच्या स्थित्यंतराची सर्वांत स्पष्ट खूण होय.

स्पॅनिशमागे आणखी एक भाषा उभी होती. मेक्सिकोच्या शेतीची परिभाषा मोठ्या प्रमाणात नाहुआत्ल या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेली आहे. मका, घेवडा व भोपळा एकत्र घेण्याच्या शेतीपद्धतीस ‘मिल्पा’ म्हणतात. तो शब्द नाहुआत्ल आहे. मक्याच्या रानटी भावंडाचे ‘तेओसिंते’ हे नावही त्याच भाषेतले असून त्यात देव आणि मक्याचे कणीस या अर्थांचे दोन शब्द एकत्र आले आहेत. टोमॅटो व चॉकलेट हे शब्द त्याच उगमातून जगभर पसरले. म्हणजे प्रयोगशाळेची भाषा आणि शेताची भाषा यांत तेथेही अंतर होते. वऱ्हाडातील ज्या विद्यार्थ्याने घरी वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अनुभवली आहे, त्यास हे अंतर अनोळखी वाटणार नाही. खानखोजे यांची मूळ घडण अशाच बहुभाषिक प्रदेशात झाली होती. ती त्यांची शिदोरी ठरली, असे अनुमान करण्यास जागा आहे.

५

दुसरी कसोटी विद्येची होती. मका हे पीक बाह्यतः साधे, परंतु पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने अवघड. त्याचा तुरा शेंड्यावर असतो आणि कणीस खोडाच्या मध्यभागी. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून शेजारच्या झाडाच्या कणसावर जातो. त्यामुळे वाण शुद्ध राखण्यासाठी तुरे व कणसे झाकावी लागतात, झाडांवर खुणा कराव्या लागतात, पिढ्यानुपिढ्या नोंदी ठेवाव्या लागतात. मेक्सिकोत तर प्रत्येक दरीचा मका निराळा, त्याच्या दाण्याचा रंग निराळा. या विविधतेतून उपयुक्त गुण निवडणे हे एका हंगामाचे काम नसते.

खानखोजे यांनी मक्याचा तेओसिंतेशी संकर करण्याचे प्रयोग केले. तेओसिंतेला अनेक फांद्या फुटतात, त्यावर पुष्कळ लहान कणसे येतात आणि ते कणखर असते. दाणे मात्र थोडे व कठीण कवचाचे असतात. लागवडीच्या मक्यात एका ताटावर एक-दोनच कणसे, पण दाणे भरपूर. दोहोंचे गुण एकत्र आणून एका ताटावर अनेक कणसे देणारा वाण मिळवावा, हा या प्रयोगांचा रोख होता. मका आणि तेओसिंते यांच्या नात्याविषयी त्या काळी शास्त्रज्ञांत तीव्र वाद चालू होता. १९३९ मध्ये जॉर्ज बीडल यांनी तेओसिंते हाच मक्याचा पूर्वज असल्याचे प्रतिपादिले. मँगल्सडॉर्फ व रीव्ह्ज यांचे मत याविरुद्ध होते. पुढे आनुवंशिक संशोधनाने बीडल यांची बाजू खरी ठरविली, आणि दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी हे पीक माणसाळले, असे आज मानले जाते. खानखोजे यांनी आपल्या प्रयोगासाठी निवडलेली वनस्पती किती मर्माची होती, हे यावरून लक्षात येते.

या कामाने त्यांच्या स्वभावास नवी शिस्त लावली असली पाहिजे. बंडाच्या योजनेत गुप्तता व वेग यांना मोल असते. वाणाच्या पैदाशीत उघडी नोंद व धीर यांना. फसलेला उठाव कार्यकर्त्यांचे प्राण घेतो. फसलेला संकर पुढील हंगामात सुधारता येतो. दशकभर जो मनुष्य पहिल्या प्रकारच्या अपयशात होरपळला, त्याला दुसऱ्या प्रकारचे अपयश सोसण्याजोगे वाटले असल्यास नवल नाही.

६

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. क्रांतिकारकाने शेतीशास्त्रज्ञ होणे ही माघार नव्हे काय? पिंगळे यांच्या बलिदानाशी तुलना करता चापिंगो येथील प्राध्यापकी हा सुरक्षित आडोसा होता, असे कोणी म्हणू शकेल. या आक्षेपात तथ्यांश आहे. मेक्सिकोत गेल्यावर ब्रिटिश सत्तेस थेट धक्का देणारे कार्य त्यांच्या हातून घडले नाही, आणि ते घडले असे भासविण्याचेही कारण नाही.

तथापि विद्यालयाच्या भिंतीबाहेर त्यांनी काय केले, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. शेतकऱ्यांच्या संघटनांच्या साह्याने त्यांनी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. या शाळांतून शेतकऱ्यास त्याच्या गावातच सुधारलेल्या शेतीचे शिक्षण मिळावे, अशी योजना होती. चित्रकार दिएगो रिव्हेरा आणि इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांच्याशी त्यांचा स्नेह याच वातावरणात जुळला. मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे घेतली. रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षणमंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ पर्यंत जी चित्रमालिका पूर्ण केली, तिच्यातील एका चित्रात मेजाभोवती बसलेल्या श्रमिकांना भाकरी वाटून देणारा मनुष्य दाखविला आहे. त्या आकृतीला खानखोजे यांचा चेहरा आहे. परदेशातून आलेल्या एका मनुष्यास यजमान देशाने आपल्या सार्वजनिक भिंतीवर अन्नदात्याच्या जागी बसविले, याहून मोठी स्वीकृती कोणती असणार? कोणासाठी झटावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुरता वर्धा-नागपुरातच सुटलेला होता. कशाने झटावयाचे, एवढेच मेक्सिकोने बदलले.

१९३६ मध्ये त्यांनी मूळच्या बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी मेक्सिकोत विवाह केला आणि त्यांना दोन कन्या झाल्या. त्यांपैकी सावित्री साहनी यांनी पुढे इंग्रजीत पित्याचे चरित्र लिहिले; मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र सिद्ध केले.

७

स्थलांतराची खरी किंमत परतीच्या वेळी कळते. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना पाचारण केले. तेल्हारा त्या वेळी याच प्रांतात, अकोट तालुक्यात मोडत असे. म्हणजे ज्या शेतीचा विचार करण्यासाठी त्यांना बोलाविले, तीत ही शिवारेही आली. परंतु ब्रिटिश अमलात त्यांच्यावर घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या दप्तरातही काही काळ तशीच राहिली होती, आणि त्यांना प्रवेशाचा परवाना प्रथम नाकारण्यात आला. ज्या देशासाठी देशत्याग केला, त्या देशाच्या दारात पुन्हा परका ठरण्याचा हा प्रसंग होता. नंतर ही बंदी उठली व ते नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत इतिहासाने एक योग जुळवून आणला. चापिंगो हेच ठिकाण १९४० नंतरच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने चाललेल्या मेक्सिकोच्या कृषिसंशोधनाचे केंद्र झाले होते आणि नॉर्मन बोरलॉग यांचे गव्हावरील कार्य त्याच योजनेतून फळास आले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. खानखोजे यांचा या आयातीशी प्रत्यक्ष संबंध जोडणे योग्य होणार नाही. मात्र दोन देशांच्या शेतीचे भवितव्य बियाण्याच्या द्वारा जोडले जाऊ शकते, हे ज्या भारतीयाने चार दशके आधी स्वतःच्या हातांनी अनुभवले होते, तो त्या वर्षी नागपुरात हयात होता. चापिंगो येथे २०२२ मध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

८

खानखोजे यांच्या चरित्रावरून एक निष्कर्ष काढता येतो. नव्या देशात मनुष्य वाढतो तो केवळ तेथे पोहोचल्याने नव्हे. भाषा, विद्या आणि समाज या तीन अंगांनी त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते, आणि पूर्वीची प्रतिष्ठा बाजूस ठेवून हे विद्यार्थीपण जो पत्करतो त्यालाच ती भूमी आपले म्हणते. त्याच वेळी मूळ भूमीशी असलेले नाते सैल होते. ते पुन्हा बांधण्याची जबाबदारी एकट्या स्थलांतरितावर टाकणे न्याय्य नव्हे. विदर्भातील विद्यापीठांतून इतिहास, भाषा व कृषी या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन त्यांचे स्पॅनिश लेखन मराठीत आणल्यास त्या जबाबदारीचा काही अंश तरी फेडला जाईल.