राखेच्या टेकड्या व पशुपालकांचा समाज

कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात व त्याच्या आसपास राखेच्या प्राचीन टेकड्या आढळतात. बल्लारीजवळील कुडतिनीची टेकडी त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. लोककथेने ही राख राक्षसांच्या चितेची ठरविली. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही त्यांना राक्षस ठरवावयाचे, ही रीत आमच्या वाचकांना नवी नाही.

ही राख गुरांच्या शेणाची, हे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ओळखले. पुढे उत्नूरच्या उत्खननात रेमंड ऑल्चिन यांना गुरांच्या खुरांचे ठसे आणि पुन्हा पुन्हा जळालेले कुंपण सापडले. १९६३ साली त्यांनी या नवाश्मयुगीन पशुपालकांवर ग्रंथ लिहिला. काळ इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकापासूनचा.

शेण साठते, परंतु आपोआप असे जळत नाही. ते राखून ठेवावे लागते आणि ठरलेल्या वेळी पेटवावे लागते. एका कुटुंबाच्या गुरांनी एवढ्या राशी उभ्या राहणे कठीण. अनेक कळप एकत्र आले, माणसे जमली, वेळ कोणीतरी ठरविली, असे मानल्यावाचून आम्हांस गत्यंतर दिसत नाही. राजा नाही, नगर नाही, लिपी नाही. तरीही समाजाची गुंतागुंतीची घडण येथे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात म्हटले की, आदिम समाजाचे धन गुरे होती, म्हणून तो भटका होता. जमीन हे नवे धन झाले तेव्हा तो स्थिरावला. या विवेचनाचा मूळ गाभा, म्हणजे धनाच्या स्वरूपावरून समाजाची रचना ठरते हा, आम्हांस पटतो. मात्र पुढे के. पद्दय्या यांनी बुदिहाळ येथे केलेल्या उत्खननात गोठ्यालगत घरेही मिळाली. म्हणजे भटकणे व स्थिरावणे या दोन अवस्था तेथे सरळ एकामागून एक आलेल्या नाहीत. काही माणसे वस्तीत व काही कळपामागे, असेही असू शकेल. तेथेच जनावरे कापण्याची जागाही सापडली. गोवंश हे त्या लोकांचे धनही होते आणि अन्नही.

याच प्रदेशात ब्रह्मगिरी येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे खणले, तेव्हा सर्वांत खालच्या थरांत दगडी कुऱ्हाडी वापरणाऱ्या लोकांची वस्ती निघाली.