भंगाराच्या वखारीतून लिलावाच्या मंचावर

दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीत माळ्यावरून निघालेली वस्तू टाकावी की ठेवावी, यावरून वाद झाला नाही असे घर शोधूनही सापडावयाचे नाही. वाद पितळेच्या समईबद्दल नसतो. ती ठेवावयाचीच असते. वाद असतो तो बंद पडलेल्या रेडिओबद्दल, दांडा तुटलेल्या शिवणयंत्राबद्दल. वस्तू नवी राहिलेली नसते आणि दुर्मीळही झालेली नसते, असा जो मधला काळ, तोच तिच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा. मोटारींच्या बाबतीत हा काळ वीस-पंचवीस वर्षांचा असतो. ज्या मोटारींवर आज कोट्यवधींची बोली लागते, त्यांतल्या कित्येक या काळातून केवळ दैवयोगाने वाचल्या. ही हकीकत मुद्दाम सांगावयाची, ती आज नवी वेगवान मोटार घेऊन पहिल्या दिवसापासून ती कापडाखाली झाकून ठेवणाऱ्या धनिकांकडे पाहून. त्यांचा हिशेब इतिहासाशी जुळतो काय, हा प्रश्न आहे.

५ मे २०२२ रोजी जर्मनीत स्टुटगार्ट येथे, मर्सिडीज कंपनीच्या स्वतःच्या संग्रहालयात, एका मोटारीचा लिलाव झाला. गाजावाजा नाही, गर्दी नाही. निवडक मंडळींना तेवढे निमंत्रण. हातोडा पडला तो साडेतेरा कोटी युरोंवर. त्या वेळच्या दराने ही रक्कम हजार कोटी रुपयांच्या वर जाते. लिलावात एवढी किंमत आजवर दुसऱ्या कोणत्याही मोटारीला आलेली नाही. आलेला पैसा तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ठेवण्यात आला.

या मोटारीचा जन्म मात्र अपशकुनी वर्षातला. रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने १९५५ साली शर्यतीच्या ‘३०० एसएलआर’ गाडीवर बंद छत चढवून अशा दोनच मोटारी तयार केल्या. त्याच वर्षी ११ जूनला फ्रान्समधील ल माँच्या शर्यतीत याच कंपनीची एक गाडी उडून कडेच्या बांधावर आदळली, तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. वर्ष संपताना कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. शर्यतीसाठी बांधलेल्या त्या दोन मोटारींना शर्यतच उरली नाही. मग करावे काय? उलेनहाउटसाहेब त्यांतली एक कामावर जाण्यायेण्यासाठी वापरू लागले! ताशी २९० किलोमीटरच्या घरात धावणारी ती गाडी एवढी गर्जे की, रस्त्यावर नेण्यासाठी तिच्या कुशीला ट्रंकेएवढा सायलेन्सर जोडावा लागला. म्हणजे ज्या मोटारीला जगातली सर्वांत मोठी बोली लागली, ती एकही शर्यत न धावलेली, कामावाचून राहिलेली मोटार होती.

याहून गमतीची कथा बुगाटी रोयालची. एत्तोरे बुगाटी हा इटालियन माणूस, कारखाना फ्रान्समध्ये आल्सेस प्रांतात. त्याच्या मनात आले की, राजेमहाराजांना शोभेल अशी मोटार करावी. इंजिन पावणेतेरा लिटरचे. लांबी वीस फुटांच्या वर. आणि नाकावर सोंड उंचावलेला हत्ती, त्याच्या दिवंगत भावाच्या, रेम्ब्राँ बुगाटी या शिल्पकाराच्या हातचा. पंचवीस मोटारी खपतील असा त्याचा अंदाज होता. परंतु १९२९ साली जगावर मंदी कोसळली. राजांना सिंहासने सांभाळता येईनात, तेथे मोटारी कोण घेणार? सहाच बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. त्या तिघांत राजा एकही नव्हता. उरलेली इंजिने बुगाटीने आगगाडीच्या स्वयंचलित डब्यांत बसवली आणि फ्रान्सच्या रेल्वेला विकली. राजांसाठी घडवलेले इंजिन तिकीट काढलेल्या उतारूंना ओढू लागले. बुगाटीचा कारखाना त्या वर्षांत तगला तो बऱ्याच अंशी यामुळेच.

न विकलेल्या मोटारी त्याच्या घरीच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून त्या भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. युद्ध संपले, एत्तोरे वारला, घरात पैशाची चणचण. १९५० साली ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतबाजाने त्यांतल्या दोन विकत घेतल्या. किंमत काही शे डॉलर आणि वर दोन नवे विजेचे शीतकपाट, असे सांगतात! युद्धोत्तर फ्रान्समध्ये शीतकपाट ही वस्तूच तशी दुर्लभ होती. तेव्हा विकणारी बाजू फसली असे मला तरी म्हणवत नाही. त्या दोहोंपैकी एक १७ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये लिलावाला आली आणि पंचावन्न लाख पौंडांना गेली.

तिसरी एक रोयाल तर न्यूयॉर्कच्या भंगारवाल्याकडे पोहोचली होती. तिचा मूळ मालक जर्मन डॉक्टर. देश सोडून, मोटार बरोबर घेऊन तो अमेरिकेस आला. एका कडक हिवाळ्यात इंजिनातले पाणी गोठून फुगले आणि इंजिनाला चीर गेली. लोखंडाच्या भावाने तुटायची ती मोटार जनरल मोटर्समधल्या चार्ल्स चेन या अभियंत्याने काही शे डॉलर देऊन सोडवली, दुरुस्त केली आणि पुढे हेन्री फोर्डच्या नावाच्या संग्रहालयास देऊन टाकली. आजही ती तेथे आहे.

युरोपातल्या राजांनी पाठ फिरवली, तरी आपल्याकडच्या संस्थानिकांनी त्या काळी मोटारींवर सढळ हाताने खर्च केला. इंदूरचे यशवंतराव होळकर हे त्यांतले खरे जाणकार. त्यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग मोटारीचा सांगाडा आणि इंजिन मागवून, लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून त्यावर अंग चढवून घेतले. लांब निमुळती मोटार, रंग केशरी आणि काळा. संस्थाने विलीन झाली, १९६१ साली महाराज वारले, १९७१ साली तनखेही बंद झाले. त्या वर्षांत आपल्या संस्थानिकांच्या कितीतरी मोटारी मातीमोलाने परदेशी गेल्या. होळकरांची ड्यूसेनबर्गही पुन्हा अमेरिकेत गेली आणि आज तिची गणना त्या जातीच्या सर्वोत्तम मोटारींत होते. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यातल्या सामानाचाही १९८० साली मोनॅकोत लिलाव झाला. आपल्या घरातले काय मोलाचे होते हे आपल्याला मोनॅकोच्या हातोड्याने सांगावे, हा प्रकार मनाला लागतो खरा.

असो. आता फेरारीकडे वळू. एन्झो फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाच्या छत्तीस मोटारी बांधल्या. अमेरिकेत नवीची किंमत अठरा हजार डॉलर. शर्यतीतला तिचा जमाना थोड्याच वर्षांत सरला. इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवण्याची रीत आली आणि पुढे इंजिन असलेली गाडी एकदम जुनाट ठरली. जुनी शर्यतीची गाडी म्हणजे निरुपयोगी वस्तू. टेक्सासमध्ये अशी एक जीटीओ एका शाळेला देणगी म्हणून देण्यात आली. मोटार-दुरुस्ती शिकणारी मुले तिच्यावर हात साफ करीत. १९७२ साली शाळेने ती काही हजार डॉलरांना काढून टाकली. पुढे कित्येक वर्षे ती ओहायोतल्या एका मोकळ्या जागेत, ऊनपाऊस खात, ट्रेलरवर उभी होती. याच छत्तिसांतली एक २०१८ साली कॅलिफोर्नियात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरना विकली गेली.

आणि २०१५ सालची पॅरिसची गोष्ट पाहा. पश्चिम फ्रान्समधल्या एका मळ्यावर, शेडमध्ये, एका वाहतूक-व्यावसायिकाने जमवलेल्या साठेक मोटारी पडून होत्या. संग्रहालय करावयाचे त्याच्या मनात होते; धंदा बुडाला आणि मोटारी तशाच गंजत राहिल्या. त्यांत सिनेनट आलँ दलाँ याची एकेकाळची फेरारी निघाली. तिच्यावर जुन्या मासिकांचे आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले! लिलाववाल्यांनी तिची धूळसुद्धा पुसली नाही. धुळीसकट ती एक कोटी त्रेसष्ट लाख युरोंना गेली.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. मोटार मोलाची झाली, कारण तिच्या काळाने ती टाकून दिली होती. शंभरांतल्या पंचाण्णव मोडीत गेल्या म्हणून उरलेल्या पाचांना भाव आला. ज्यांनी त्या वाचवल्या त्यांनी नफ्यासाठी वाचवल्या नव्हत्या. नफा दिसत असता तर भंगारवाल्यानेच वाचवल्या असत्या.

नफा दिसू लागला की काय होते, तेही इतिहासाने एकदा दाखवले आहे. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी वारला. आता असा माणूस नाही आणि अशी मोटार नाही, असे वारे सुटले. जपानचा पैसा बाजारात आला. १९८९ मध्ये एक जीटीओ खासगी व्यवहारात दीड कोटी डॉलरच्या आसपास गेली. त्याच सुमारास इंग्लंडात जग्वार कंपनीने ‘एक्सजे २२०’ नावाची अतिवेगवान मोटार जाहीर केली. मोटार हाती येण्यास वर्षे लागणार, तरी पन्नास हजार पौंड इसारा देऊन लोकांनी नावे नोंदवली. यातल्या अनेकांना ती चालवायचीच नव्हती. हाती येताच विकायची होती. मग १९९० नंतर बाजार कोसळला. जीटीओचा भाव चौथाईवर आला. जग्वारने कबूल केलेल्या बारा नळकांड्यांच्या इंजिनाऐवजी सहांचे बसवले होते आणि किंमतही वाढली होती. नोंदवणारे ती घेईनात, प्रकरण कोर्टात गेले, आणि काहींनी तर मोटार न घेण्यासाठी पैसे मोजले! पुढे बरीच वर्षे ती मोटार तिच्या मूळ किमतीच्या खाली मिळत होती.

त्याच पडत्या काळात मॅकलारेनची ‘एफ वन’ बाजारात आली. गॉर्डन मरे या अभियंत्याची रचना. चालक मध्यभागी, दोन्ही बाजूंस एकेक उतारू. इंजिनाच्या खणाला आतून सोन्याचा पत्रा, कारण उष्णता परतवण्यास सोने उत्तम. किंमत पाच लाख चाळीस हजार पौंड. तीनशे खपतील असा अंदाज होता. १९९८ पर्यंत सगळ्या प्रकारच्या मिळून १०६ झाल्या. नटवर्य रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी आपली एफ वन रोज चालवण्यासाठी घेतली होती. चालवता चालवता दोनदा आपटलीही. दुसऱ्या खेपेच्या दुरुस्तीचा विम्याचा खर्च नऊ लाख पौंडांवर गेला. तरीही २०१५ साली ती विकली गेली ती मूळ किमतीच्या कितीतरी पट अधिक भावाने. २०२१ मध्ये पेबल बीचला जवळजवळ न चालवलेल्या एका एफ वनला दोन कोटी चार लाख पासष्ट हजार डॉलर आले.

ही न चालवलेली मोटार पाहूनच आजचे खरेदीदार हुरळतात. पण ते एक विसरतात: तेव्हा न चालवणारा एखादाच होता. आज सगळेच न चालवणारे आहेत. २०१६ साली पोर्शने ‘९११ आर’ या नावाच्या ९९१ मोटारी काढल्या, हाताने गिअर टाकण्याच्या. पाहता पाहता दलाल दुप्पट-तिप्पट भाव मागू लागले. मग कंपनीने पुढल्याच वर्षी आपल्या दुसऱ्या वेगवान मोटारीला तसेच गिअर दिले आणि ‘९११ आर’चा भाव खाली बसला. बुगाटी मेल्यावर त्याची दुर्मिळता कायम झाली. जिवंत कारखान्याची दुर्मिळता त्याच्या मर्जीवर असते.

शिवाय मागणीलाही वय असते. माणूस चाळिशी-पन्नाशीला पैसा मिळवून विकत घेतो ती चौदाव्या वर्षी भिंतीवर जिचे चित्र लावले होते ती मोटार. फोर्डची ‘मॉडेल टी’ दीड कोटी निघाली, तिने जग बदलले; पण तिच्या आठवणीने डोळे ओले होणारी पिढी गेली आणि ती आज बेताच्या भावात मिळते. उलट २००१ सालच्या ‘फास्ट अँड द फ्युरिअस’ या बोलपटातली नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना गेली, कारण तेव्हाची पोरे आता कमावती झाली आहेत. आजच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात कोणती मोटार आहे? मोटारच आहे काय? विजेवर चालणारी ‘नेव्हेरा’ क्रोएशियाच्या रिमाक कंपनीने काढली. वेगात तिने भल्याभल्यांना मागे टाकले. तरी ठरवलेल्या १५० मोटारी खपवणे जड गेले, आणि श्रीमंत गिऱ्हाइकाला विजेची मोटार नको, किल्लीचे घड्याळ हवे तसे इंजिन हवे, असे खुद्द मालकानेच २०२४ साली बोलून दाखवले.

म्हणजे आवाज करणारी, हाताने गिअर टाकावयाची, शेवटच्या शेवटच्या काळातली मोटार टिकून राहील असे मानावयास जागा आहे. पण टिकवणार कशी? बुगाटीची चीर गेलेली ओतीव वस्तू कसबी लोहाराने सांधली. मॅकलारेन एफ वनच्या देखभालीसाठी मात्र गेल्या शतकातला एक विशिष्ट कॉम्पॅक लॅपटॉप लागत असे. दुसरा कोणताही तिच्याशी बोलत नसे, म्हणून कंपनीचे लोक २०१६ सालीही तसले जुने लॅपटॉप हुडकत होते. २०१३ साली आलेल्या फेरारी लाफेरारी, मॅकलारेन पी वन आणि पोर्शे ९१८ या तीन मोटारींत तर पेट्रोलच्या जोडीला विजेची मोठी बॅटरी आहे. बॅटरी वापरली तरी म्हातारी होते, न वापरली तरी होते. २०३८ साली या तिघींना पंचवीस वर्षे पूर्ण होतील. कापडाखालची एखादी तेव्हा मंचावर आणली जाईल, आणि बोली पुकारण्याआधी कोणीतरी मागच्या रांगेतून विचारील की, ही सुरू होते का.