हिंसक नात्यातून सुटलेली नायिका छोट्या गावातच का येते? ‘स्मॉल टाउन रोमान्स’ म्हणजे नेमकं काय?

सप्टेंबरमधली पावसाळी रात्र. आडगावातला बार बंद व्हायच्या बेतात असताना एक तरुणी तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आत येते. अंगावर मारहाणीचे वळ. बारमधला आचारी, एकेकाळचा सैनिक, काय घडलं असेल ते ओळखतो.

अमेरिकन लेखिका रॉबिन कार यांच्या ‘शेल्टर माउंटन’ (२००७) या कादंबरीची ही सुरुवात. नेटफ्लिक्सवर २०१९ पासून गाजत असलेली ‘व्हर्जिन रिव्हर’ ही मालिका याच पुस्तकमालेवर आधारित आहे. निकोलस स्पार्क्स यांच्या ‘सेफ हेवन’ची (२०१०) नायिकाही अशीच बोस्टनहून पळते, नाव बदलते आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या साउथपोर्ट या किनारी गावात हॉटेलात काम धरते. तिचा नवरा पोलिसात डिटेक्टिव्ह आहे. म्हणजे जिथे तक्रार करायची, तिथेच तो बसलेला! इन्स्टाग्रामवर किंवा बुकटॉकवर ‘हीलिंग’, ‘स्लो बर्न’, ‘फाउंड फॅमिली’ असे हॅशटॅग लावून ज्या पुस्तकांची शिफारस होते, त्यातली बरीच याच पठडीतली असतात.

गावच का?

कारण या कथांमध्ये गाव हेच औषध असतं. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (१९९२) या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत : आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक करणं आणि शेवटी माणसांशी पुन्हा नातं जोडणं. हिंसा करणारा जोडीदार बाईला माहेर, मैत्रिणी, पैसा या सगळ्यापासून हळूहळू तोडत जातो. म्हणून कादंबरीत तिला परत मिळतं ते नेमकं हेच. स्वतःच्या कमाईची नोकरी, दाराला आतून लावता येईल अशी कडी, चौकशी करणारी शेजारीण.

‘स्लो बर्न’लाही इथे अर्थ आहे. नायक घाई करत नाही, विचारल्याशिवाय हात धरत नाही आणि ‘नाही’ म्हटल्यावर चिडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटणारी ही पानं अनेक वाचकांसाठी पुस्तकाचा गाभा असतात. तिथे नायिका स्वतःच्या अंदाजावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकते.

मग आक्षेप काय?

पहिला आक्षेप उघड आहे : एका पुरुषाच्या जखमेवर दुसरा पुरुष हाच उपाय. रोमान्समध्ये शेवट आशादायी हवा हा नियमच असल्याने लेखकाला यातून सुटणं अवघड जातं. कोलीन हूवर यांच्या ‘इट एंड्स विथ अस’वर (२०१६) हिंसेला प्रेमकथेचं वेष्टन घातल्याची टीका झाली. आपल्या आईच्या अनुभवातून ते पुस्तक आल्याचं हूवर सांगतात. मात्र २०२३ मध्ये त्यावर रंगवायचं पुस्तक काढायची घोषणा झाली, तेव्हा वाचकच भडकले आणि तो बेत रद्द झाला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो. खऱ्या छोट्या गावात निवारागृह लांब असतं, बस दिवसातून एखादी, आणि मारणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. घर सोडल्यानंतरचा काळ अनेकदा सर्वांत धोकादायक ठरतो. ‘सेफ हेवन’मध्ये नवरा माग काढत गावात पोहोचतो, एवढं भान त्या पुस्तकाला आहे.

आपल्याकडे ही गोष्ट आली का?

आली, पण वेगळ्या रूपात. नॅन्सी प्राइस यांच्या ‘स्लीपिंग विथ द एनिमी’ (१९८७) या कादंबरीवर १९९१ मध्ये जुलिया रॉबर्ट्सचा चित्रपट आला. त्यात नायिका स्वतःच्या मृत्यूचा बनाव करून आयोवातल्या सीडर फॉल्स गावात जाते. त्यावर बेतलेले ‘याराना’, ‘अग्निसाक्षी’ आणि ‘दरार’ हे हिंदी चित्रपट १९९५-९६ या दोनच वर्षांत आले. ‘अग्निसाक्षी’साठी नाना पाटेकरांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो संशयी, छळणारा नवराच; नायिकेचं सावरणं मागे पडलं.

या कथांमध्ये घर सोडते ती नेहमी बाईच. भारतात मात्र कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (२००५, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रियांनाही तो लागू आहे. न्यायालय संरक्षणाचा आदेश देऊ शकतं, मारणाऱ्यालाच घराबाहेर काढू शकतं. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे करता येते. महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ आहे.