अडीच सुताचा बोल्ट

जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पुराचे पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल निघाला, तशी आमच्या एका स्नेह्यांच्या पडवीतून त्यांच्या वडिलांची पन्नासच्या दशकातली इंग्रजी मोटारसायकल निघाली. बोल्ट गंजून बसलेले. काढताना काही तुटले. "नवे टाकू, त्यात काय एवढे?" असे ठरले आणि तिथेच घोटाळा झाला. त्या घोटाळ्यामागे एकशेऐंशी वर्षांचा इतिहास आहे. आज आपण तोच बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच, असे नाही. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि सुचवले, की आट्याचा कोन सगळीकडे ५५ अंश ठेवा आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे पाडा. हे मान्य होत गेले. पण हे आटे जाड, थरथरीत ढिले पडणारे. म्हणून सायकलींसाठी १९०२ मध्ये ६० अंशांचे बारीक आटे आले आणि १९०८ मध्ये व्हिटवर्थच्याच कोनात 'फाइन' मालिका आली. इंग्रजी मोटारसायकल बरीचशी सायकलीच्या कारखान्यांतच जन्मली. त्यामुळे एकाच गाडीच्या अंगावर हे सगळे आटे शेजारी-शेजारी नांदतात.

आपल्याकडे काय झाले? १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, ती इंग्रजी मापे घेऊन. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मेट्रिक मापांचा कायदा झाला. १९६१ पासून म्हैसूरला जावा बनू लागली. ती चेकोस्लोव्हाकियाची, म्हणून मिलिमीटरवाली. मिस्त्री मात्र अजूनही सुतात बोलतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत.

आता अडीच सुताचा बोल्ट घ्या. जाडी ७.९४ मिलिमीटर. दुकानात मिळतो तो आठ मिलिमीटरचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण अडीच सुताला इंचामागे व्हिटवर्थचे १८ आटे, फाइनचे २२ आणि सायकलचे २६. आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २०. म्हणजे बोल्ट दोन-तीन वेढे हाताने जातो, मग अडतो. आमच्या स्नेह्यांना वाटले, गंज असेल. त्यांनी पाना लावून जोर दिला. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे सोलून निघाले. बोल्ट काही रुपयांचा, पण तसे केसिंग आणायचे कुठून?

म्हणून जुना बोल्ट, अगदी तुटका तुकडासुद्धा, फेकू नये. तो घासून उजेडात धरावा आणि आट्यांवर पिच गेज लावावा. नुसते आटे मोजूनही भागत नाही बरं का! दोन सुताच्या फाइन आणि सायकल, दोन्ही बोल्टना इंचामागे २६ आटे; फरक फक्त कोनाचा. आणि पान्यावरच्या आकड्यानेही फसू नका. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, मेट्रिक पान्यावर डोक्याची रुंदी.

मग प्रश्न धातूचा. कोकणातल्या पावसात स्टेनलेसचा मोह होतो. पण बाजारातला साधा स्टेनलेस बोल्ट हाय टेन्साइल बोल्टइतका ताकदीचा नसतो. शिवाय ओलाव्यात तो शेजारच्या ॲल्युमिनियमला खातो. टाकीच्या झाकणाला चालेल. ब्रेकच्या दांडीला जिथे हाय टेन्साइल होता, तिथे हाय टेन्साइलच हवा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलेल्यांना उतरताना ब्रेक म्हणजे काय, ते सांगायला नको.

तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर 'सारखे' आणि 'तेच' यांतला भेद शिकवला. तो इतक्या स्वस्तात कुठे दिसला नव्हता. आटा हा माणसांनी एकमेकांशी केलेला करार आहे. करार बदलतात, पण जुन्या कराराने बांधलेली वस्तू आपल्या शब्दाला जागते. तिला नवा बोल्ट देण्याआधी, तू कोणत्या कराराची, हे विचारावे लागते.

आमच्या स्नेह्यांनी शेवटी लेथवर जुन्या मापाचे बोल्ट करून घेतले आणि केसिंगच्या भोकात नव्या आट्यांची बुश बसवली. गाडी चालते. जो बोल्ट दोन वेढ्यांत अडला होता, तो त्यांनी खिळ्याला टांगून ठेवला आहे.