अडीच इंचांची गोष्ट

परवा नंदनवनच्या घरी बाबांचा जुना लॅपटॉप उघडला. हार्ड डिस्क काढली, त्याच जागी एसएसडी बसवली. फिट! हे कसं काय?

1956 मध्ये आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये 24 इंची 50 तबकड्या होत्या. मावायची जेमतेम 50 लाख अक्षरं. पुढे तबकड्या लहान होत गेल्या. 1988 मध्ये प्रेअरीटेक कंपनीने अडीच इंची डिस्क आणली आणि लॅपटॉपमध्ये तेच माप रुळलं. एसएसडीत तबकडीच नाही, तरी तिचा डबा त्याच मापाचा ठेवला. म्हणून साटा जोडणीचा जुना लॅपटॉप आजही पुन्हा पळतो.

फक्त डिस्क टकटक वाजायची वाट बघू नका. चालतेय तोवर सगळं कॉपी करा. लॅपटॉप दुसरा मिळेल, आजीचे फोटो कुठून आणणार?