पाकट, इंगळी आणि अनवाणी पाय

(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "सर, बीडला समुद्र कुठंय?" प्रश्न बरोबर आहे. बालाघाटच्या डोंगरावर उभं राहून कितीही लांब बघितलं तरी समुद्र दिसायचा नाही. पण आपली माणसं समुद्रापर्यंत जातात. कुणी मुंबईत कामाला आहे, कुणाची दिवाळीत अलिबाग-गणपतीपुळ्याची सहल ठरते. आणि समुद्र ज्याने लहानपणापासून पाहिलेला नाही, त्याला वाळूत काय दडलंय हे कोण सांगणार? म्हणून आज वाळूतल्या एका काट्याचा इतिहास सांगतो.

१० सप्टेंबर २०१३. आदल्या दिवशी गणपती बसले होते, त्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन. जागा मुंबईची गिरगाव चौपाटी, म्हणजे जिथं १९२० साली लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ती. ज्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, त्यांच्याच पुतळ्यासमोर लोक मूर्ती घेऊन पाण्यात उतरत होते आणि पायाला हात लावून ओरडत बाहेर येत होते. त्या एका दिवसात साठ-सत्तर लोकांना दंश झाले. अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. आधी कुणाला काही कळेना. साप म्हणावं तर साप दिसत नाही, काच म्हणावी तर एवढी आग कशी होईल?

तो मासा होता पाकट. काही ठिकाणी पाखट म्हणतात, इंग्रजीत स्टिंग रे. सुपासारखा चपटा. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडून राहतो. शेपटीवर करवतीसारखा दातेरी काटा, दाते उलट्या दिशेने वळलेले, म्हणजे आत सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडतो. काट्याच्या खाचांमध्ये विषाच्या पेशी असतात, वरून पातळ त्वचेचं आवरण. एक लक्षात घ्या, पाकट माणसाच्या मागे लागत नाही. तुमचा पाय त्याच्या पाठीवर पडला की तो शेपूट उसळवतो, एवढंच. म्हणजे भांडण आपण काढलेलं असतं, तेही नकळत.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न असा: हे कुणालाच माहीत नव्हतं का? होतं की! मुंबई मुळात कोळ्यांची. जाळ्यात पाकट आलं तर शेपटी कशी सांभाळायची हे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मासेमारी सुरू होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गणपती येतात. पावसाळा सरत असतानाचा तो काळ. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. पाकटांना असा उथळ, मऊ तळ मानवतो. त्याच पाण्यात लाखो अनवाणी पाय उतरतात. ज्ञान कोळीवाड्यात होतं, पाय मात्र सगळ्या मुंबईचे होते. दोघांची गाठच पडली नाही. माझ्या मते २०१३ चा खरा धडा हा आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. १६०८ साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर कॅप्टन जॉन स्मिथ नावाच्या इंग्रजाला असाच काटा मनगटात लागला. हात, खांदा एवढा सुजला की सोबत्यांनी त्याच्यासाठी कबर खणून ठेवली. वॉल्टर रसेल नावाच्या वैद्याने तेल लावलं, वेदना उतरली, आणि संध्याकाळी स्मिथने तोच मासा शिजवून खाल्ला! त्या जागेला आजही 'स्टिंगरे पॉइंट' म्हणतात. पुढे विसाव्या शतकात फिंडले रसेल या अमेरिकन संशोधकाने या विषाचा नीट अभ्यास केला. नावाचा योगायोग बघा, तिथेही रसेल, इथेही रसेल. विषातली प्रथिनं उष्णतेपुढे टिकत नाहीत हे पुढे आलं, आणि गरम पाण्याच्या उपचाराला शास्त्राचा आधार मिळाला.

तर उपचार काय? हे लिहून घेतलंत तरी चालेल. आधी पाण्याबाहेर या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरा. जखम धुवा. मग पाय गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे सोसवेल एवढंच गरम. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या पायाने तपासायचं; कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. अर्धा ते दीड तास ठेवा, पाणी निवलं की बदला. बहुतेकांची वेदना यानेच उतरते. त्यानंतर दवाखाना चुकवायचा नाही. काट्याचा तुकडा आत राहतो, जखम चिघळते. एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन, गरज असेल तर प्रतिजैविकं. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर उपटायचा नाही, तसंच रुग्णालय गाठायचं. २००६ साली ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन छातीत काटा लागून गेले, हे तुमच्यातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. दोरी आवळणं, ब्लेड मारणं, तोंडाने विष ओढणं, हे काही करायचं नाही.

आणि इथे बीडकरांसाठी एक इशारा. गरम पाणी हे पाकटासाठी. साप किंवा इंगळी चावली तर गरम पाण्यात वेळ घालवू नका! एका काट्याचा उपाय दुसऱ्याला लावला की जीव जातो. आपल्या भागात लाल विंचवाची दहशत काय असते हे उन्हाळ्यात रानात झोपलेल्याला विचारा. त्या विंचवाचा इतिहास बदलला तो आपल्याच मराठवाड्याच्या माणसाने. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विष हृदयावर कसं चालून जातं हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, आणि १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नव्हती. डोळे उघडे होते आणि वही होती.

बावस्करांचं ज्ञान गावोगावच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचलं, म्हणून माणसं वाचली. गिरगावातही २०१३ नंतर तेच सुरू झालं. आता गणपतीच्या आधी पालिका सांगते: अनवाणी उतरू नका, गमबूट घाला, लहान मुलांना पाण्यात नेऊ नका, मूर्ती जीवरक्षकांच्या हाती द्या. कोळीवाड्यातली गोष्ट सरकारी सूचनेत यायला सत्तर लोकांचे पाय लागले.

शेवटचं, आणि सगळ्यात सोपं. समुद्रात चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या. पाकटाला हादरा कळतो आणि तो निघून जातो. काठ्यांची गरज नाही, मंत्राची नाही. शेतात रात्री जाताना आपले आजोबा काठी आपटत जायचे की नाही? तसंच हे. समोरच्याला आपण आलोय हे कळू द्यायचं.

कोकणात जाणारे जे कुणी घरात असतील, त्यांना आज रात्री जेवताना एवढं सांगा. आता प्रश्न घेऊ या.